कुलूप उघडण्याची हत्यारं: नवशिक्याने काय घ्यावं, काय सोडावं

मे महिन्यात पुतण्या धुळ्याला आमच्याकडे राहायला आला. त्याच्या बॅगेत एक काळ्या रेक्झिनची घडी होती. उघडली तर आत चोवीस हत्यारं, दातकोरण्यांसारखी ओळीने खोचलेली. ऑनलाइन मागवलेली, साडेचारशे रुपयांची. सोबत पारदर्शक प्लास्टिकचं एक कुलूप. ते त्याने मला दोन मिनिटांत उघडून दाखवलं आणि मोठ्या उमेदीने माळ्यावर पडलेलं आमचं एक जुनं कुलूप मागून घेतलं. बाहेर त्रेचाळीसचं ऊन, आत पोरगं पंख्याखाली घामाघूम. संध्याकाळपर्यंत एक हत्यार वाकलं, एकाचं टोक मोडलं. कुलूप तसंच.

"काका, सेटच खराब निघाला."

सेट भारीतला नव्हता हे खरं. पण तो कितीही भारी असता तरी त्या कुलपाला काही झालं नसतं. कुलपाच्या पोटावर '७ लिव्हर' असं ठळक कोरलेलं होतं आणि त्याच्या घडीतली चोवीसच्या चोवीस हत्यारं पिनांच्या कुलपाची होती. नट खोलायला स्क्रूड्रायव्हर घेऊन बसल्यातला प्रकार.

मी पेशाने फिटर. कुलपांचा नाद गेल्या काही वर्षांतला. तो लागला धुळ्यातल्या पाचकंदीलकडे रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चावीवाल्यामुळे. पहिल्यांदा मीही त्यांना असंच विचारलं होतं की बाबा, सुरुवातीला कोणती हत्यारं घेऊ. कानशीवरची नजर न काढता ते म्हणाले, "पहिले कुलूप दखाड, मंग हत्यारनं बोल." म्हणजे आधी कुलूप दाखव, मग हत्याराचं बोल. पुढे जे काही लिहितो आहे ते सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

तुमच्या हातातलं कुलूप कोणत्या जातीचं?

आपल्याकडे रोजच्या वापरात ढोबळमानाने तीन जाती सापडतात.

पहिली पिनांची. किल्ली चपटी, एका कडेला करवतीसारखे उंचसखल दात, अंगावर लांब खाचा. भोकात डोकावलं की खाच वाकडीतिकडी, नागमोडी दिसते. पितळी छोटी कुलपं, फ्लॅटच्या दारातली बरीचशी लॅच या जातीची. दुसरी लिव्हरची. आत एकावर एक रचलेल्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या म्हणजे लिव्हर, किल्लीचे दात त्यांना उचलतात. किल्लीची दांडी साधी असते आणि टोकाशी पायऱ्यापायऱ्यांचे दात असतात. कुलपावर किंवा खोक्यावर '६ लिव्हर', '८ लिव्हर' असं लिहिलेलंच असतं, त्यामुळे ओळखायला डोकं लावावं लागत नाही. खानदेशातल्या दुकानांची शटरं, गोडाऊनं, शेतातल्या खोल्या, गावाकडच्या घरांचे कोयंडे बघा, जड, चौकोनी लिव्हरचं कुलूपच जास्त लटकताना दिसेल. गोदरेजचं नव-ताल याच जातीचं. तिसरी जात पत्तीची. टेबलाचा खण, ऑफिसचं कपाट, लेटर बॉक्स, बऱ्याच जुन्या गाड्यांचे हँडल लॉक. यात पिनांऐवजी पातळ पितळी पत्त्या असतात आणि ही कुलपं सगळ्यात लवकर हार मानतात.

अलीकडे चौथीही आली आहे. तिच्या चपट्या किल्लीला दात नसतात, अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खळगे असतात. तिची हत्यारं वेगळी, सवय वेगळी. नवशिक्याने तिच्या नादी लागू नये.

आता गंमत अशी की जगभर हा छंद पिनांच्या कुलपांवर वाढला. अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात चपट्या किल्लीचं पिनांचं कुलूप आणलं आणि तिकडच्या घराघरांच्या दारात ते बसलं. त्यामुळे ऑनलाइन मिळणारा जवळजवळ प्रत्येक सेट येलच्या वंशावळीसाठी बनवलेला असतो. आपल्या गोडाऊनचं कुलूप दुसऱ्या घराण्यातलं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये लिव्हरची युक्ती सुधारली: लिव्हर नेमक्या उंचीपर्यंत उचलला पाहिजे, कमी उचलला तरी अडेल आणि जास्त उचलला तरी अडेल. पुढे १८१८ मध्ये जेरेमाया चब याने त्यात भर घातली. कुणी चुकीचं हत्यार घालून लिव्हर फार वर उचलला की कुलूप अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावला होता.

हे चबचं कुलूप १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. ब्रामा कंपनीने ते आपल्या दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून ठेवलं होतं, उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस. साठेक वर्षं कुणाला जमलं नव्हतं. हॉब्सने सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास घेतले आणि बक्षीस नेलं. त्याने त्या कुलपासाठी हत्यारं मुद्दाम घडवून घेतली होती, बाजारातला सेट आणला नव्हता.

पिनांचं कुलूप उघडतं ते का

हत्यार निवडायचं तर ते आत काय करतं हे कळायला हवं. नाहीतर दुकानदार सांगेल ते घ्यायचं.

किल्ली जिथे जाते तो गोल गाभा कुलपाच्या अंगात फिरतो. त्याच्यावर ओळीने चार-पाच भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वरून दाबणारी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरची पिन अर्धी गाभ्यात, अर्धी अंगात, म्हणजे खिळा ठोकल्यासारखी आडवी येते. गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा गाभ्याच्या कडेशी येऊन थांबतो, वाट मोकळी होते.

आता जुन्या घराचं दार आठवा, आतून तीन-चार कड्या असलेलं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दार ढकलल्यावर सगळ्या कड्या सारख्या ताठत नाहीत. एकच कडी सगळा भार घेते, बाकीच्या खुळखुळत असतात. ती काढली की दार केसभर सरकतं आणि मग दुसरी कडी ताठते. पिनांच्या कुलपात नेमकं हेच होतं. कारखान्यात भोकं कितीही काळजीने पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. गाभ्याला हलका पीळ दिला की एकच पिन अडकते. ती हत्याराने वर ढकलली की बारीकसा 'टक्' होतो, गाभा किंचित फिरतो, वरची पिन कडेवर अडकून राहते, आणि मग पुढची पिन अडकते. या हिशेबाने एकेक.

म्हणजे कामं दोन: पीळ द्यायचा आणि पिन उचलायची. हत्यारंही दोनच लागतात. बाकीची बावीस का असतात, तर घडी भरलेली दिसावी म्हणून.

पीळ देणारी पट्टी

सेटमध्ये सगळ्यात दुर्लक्षित हत्यार हेच. माणसं त्या नक्षीदार टोकांकडे बघत बसतात आणि इंग्रजी 'एल'सारख्या वाकलेल्या दोन पट्ट्या कोपऱ्यात राहून जातात. माझं स्पष्ट मत आहे, तुमच्या खर्चाचा आणि विचाराचा अर्धा वाटा या पट्टीला द्या.

स्वस्त सेटमध्ये ती गोल तारेची नाहीतर अरुंद, जाड पट्टीची असते आणि किल्लीच्या भोकात पिनांच्या समोरच्या, मोकळ्या बाजूला बसते. तिथे बसली की हत्याराला हलायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा पिनांच्या बाजूला, भोकाच्या अगदी तोंडाशी बसणारी चपटी पट्टी घ्यावी. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर, म्हणजे भोकात घातल्यावर हलू नये पण ठोकावीही लागू नये. कुलपागणिक भोक कमीजास्त रुंद असतं, म्हणून या पट्ट्या तीन-चार वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात. आत जाणारं टोक फक्त तोंडापुरतं, नाहीतर ते पहिल्या पिनेला भिडतं आणि ती पिन हलतच नाही. माझा एक आख्खा रविवार या कारणाने गेला आहे. पिन बिचारी ठीक होती, माझीच पट्टी तिच्या छातीवर बसली होती.

पीळ किती द्यायचा? पिकलेलं केळं बोटाने दाबून बघतो आपण, डाग पडू न देता, तितका. जळगावकरांना हे जास्त सांगायला नको. नव्या माणसाचा हात हमखास जड पडतो, सगळ्या पिना एकदम आवळल्या जातात, मग तो हत्याराने जोर लावतो आणि हत्यार वाकतं. पुतण्याचं पारदर्शक कुलूप उघडत होतं कारण ते इतकं ढिलं असतं की चुका खपून जातात. आत काय चाललंय हे बघायला ते दहा मिनिटं चांगलं, त्यावर हात मात्र तयार होत नाही.

पिन उचलणारं हत्यार

एक छोटा आकडा घ्या. 'शॉर्ट हुक' म्हणून मिळतो. टोक जरासं वर वळलेलं, बस्स. पुढे कधी पिना फार खालीवर असलेलं कुलूप भेटलं तर जोडीला थोडा उंच आकडा. या दोहोंवर वर्षभर निघतं.

लाटालाटांचं टोक असलेली जी हत्यारं असतात, त्यांना रेक म्हणतात. ती आत घालून मागेपुढे घासायची, नशिबाने पिना बसतात. तीन उंचवट्यांचा बोगोटा नावाचा प्रकार त्यात बरा. स्वस्त कुलपं आणि पत्तीची कुलपं यांनी पटकन उघडतात, त्यामुळे एखादा जवळ असायला हरकत नाही. पण सुरुवात यानेच केली तर हाताला काहीच कळत नाही. उघडलं तर का उघडलं माहीत नाही, नाही उघडलं तर का नाही तेही माहीत नाही. आकड्याने एकेक पिन शोधणारा माणूस हळू जातो, पण त्याचं बोट आतलं वाचायला लागतं.

अर्धा हिरा, गोळा, दोन गोळे, साप, अशी बाकीची टोकं दिसायला छान असतात. गोळा पत्तीच्या कुलपाला चालतो. उरलेली राहू द्या. घोडा ओढून पिनांना ठोसा मारणाऱ्या बंदुका आणि बॅटरीवर चालणारी यंत्रंही मिळतात. ती कामावरच्या माणसाच्या सोयीची, शिकणाऱ्याच्या नाही.

जाडीकडे मात्र नीट बघा. सर्वसाधारण हत्यार सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं. नागमोडी आणि अरुंद भोकाच्या कुलपात ते घासतं, तिथे ०.४५ ते ०.५ चं लागतं. पातळ हत्यार जपून वापरावं लागतं, जाड हत्यार अडतं. पहिलं कुलूप रुंद भोकाचं निवडलं तर हा प्रश्न पुढे ढकलता येतो, आणि तो ढकलावाच.

स्टील कोणतं? कडक स्टेनलेस पत्र्याचं हत्यार वाकलं तर थोडंफार सरळ करता येतं, गंजत नाही. स्प्रिंग स्टील चिवट असतं पण गंज धरतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात नाही, पण घामाच्या हाताने वापरून तसंच घडीत गुंडाळलं की श्रावणापर्यंत त्यावर तांबूस ठिपके दिसतात. स्वस्त सेटमधला पत्रा बहुतेकदा मऊ असतो. ओळखायची सोपी रीत: टोकाजवळ बोटाने किंचित वाकवा, परत सरळ झालं तर ठीक, वाकून राहिलं तर नको. दुसरं म्हणजे कडा. छापून काढलेल्या पत्र्याची कड करवतीसारखी लागते, आणि ती पिनेवर खरवडली की त्या बारीक 'टक्'ची जाणीव हाताला येतच नाही. आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग थोडं पाणी लावून १२००. नवं हत्यार घेतलं की मी पहिला अर्धा तास यातच घालवतो.

घरी बनवायचं असेल तर

फिटरला हा भाग लिहिताना आवरतं घेणं अवघड आहे. हॅक्सॉची पत्ती साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे आकड्याला लागते तेवढीच. पण पूर्ण कडक पत्ती घेऊ नका, ती काचेसारखी तुटते आणि तुकडा डोळ्याकडे येतो. 'फ्लेक्झिबल' लिहिलेली घ्या. आधी ग्राइंडरवर दात उडवा, मग आकार द्या. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. स्टीलचा रंग निळा पडला की समजायचं, पाणी उतरलं. ती जागा आता मऊ झाली, तिथेच ते वाकणार. चष्मा लावा. हे वाक्य मी माझ्या शिकाऊ मुलांना रोज सांगतो आणि रोज कुणीतरी ऐकत नाही.

पीळ देणाऱ्या पट्टीसाठी तर बाजारात जायचीच गरज नाही. गाडीच्या वायपरच्या रबरात दोन बाजूंना स्टीलच्या लांब पातळ पट्ट्या असतात. गॅरेजवाले जुने वायपर फेकतात, ते मागून आणा. पक्कडीत धरून एक टोक काटकोनात वाकवा, कडा घासा, झाली पट्टी. काहींची जाडी कमी पडते, तरी हलक्या कामाला चालते. माझ्या आवडत्या दोन पट्ट्या एका भंगारातल्या ट्रकच्या आहेत.

सरावाचं कुलूप

पुष्कळ जण हत्यारांवर पैसे घालतात आणि कुलूप मात्र घरातलं हाताशी लागेल ते घेतात. उलट करा. हार्डवेअरच्या दुकानातून दोन-तीन साधी पितळी पिनांची कुलपं आणा, वेगवेगळ्या कंपन्यांची. दुकानदाराला किल्ली दाखवायला सांगा. दात फार खोल आणि फार उथळ असे एकाआड एक असतील तर ते कुलूप अवघड, सगळे साधारण एका उंचीचे असतील तर सोपं. पहिल्यासाठी सोपंच घ्या. व्हाइसमध्ये जबड्यांना कापड लावून धरा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. नीट सराव करायचा असेल तर गाभा बाहेर काढून पिना बदलता येणारं सरावाचं कुलूप मिळतं, त्यात आधी दोनच पिना ठेवायच्या, जमलं की तिसरी.

चांगल्या कुलपांत दोऱ्याच्या रिळासारख्या, मधे बारीक असलेल्या पिना असतात. गाभा एकदम मोठा फिरतो, वाटतं उघडलं, आणि तिथेच थांबतो. हे झालं की हत्यार बदलू नका, पीळ जरा सैल सोडा.

आणि एक नियम, जो जगभरचे छंदवाले पाळतात. कुलूप स्वतःचं असावं, नाहीतर मालकाची स्पष्ट परवानगी असावी. स्वतःचं असलं तरी जे रोजच्या वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही. आत पिन वाकली, हत्याराचा तुकडा राहिला, तर रात्री घराबाहेर तुम्हीच. जर्मनीत १९९७ पासून या छंदाची संस्था आहे, स्पर्धा होतात, आणि तिथेही हेच पाळलं जातं.

आपल्याकडे यात कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. म्हणून ती घडी गाडीच्या डिकीत, कॉलेजच्या बॅगेत, लग्नाला जाताना खिशात नको. घरात, टेबलाच्या खणात. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा गंभीर झाला, कारण तो ती एसटीत मांडीवर उघडून बसला होता.

मग लिव्हरचं काय?

त्याला लागणारं हत्यार वेगळं. एका भोकातून दोन कामं करावी लागतात: एका जाड तारेने कुलपाच्या जिभेवर ताण द्यायचा आणि त्याच दांडीवर फिरणाऱ्या दुसऱ्या तारेने एकेक लिव्हर उचलायचा. ही हत्यारं कुलपाच्या मापाची असावी लागतात, चोवीसच्या सेटमध्ये येत नाहीत, आणि लिव्हर पिनांसारखे मोठ्याने बोलत नाहीत. पिनांवर सहा महिने हात बसल्यावरच त्याचा विचार करावा.

आपल्या रस्त्यावरचा चावीवाला मात्र हे काहीच करत नाही. त्याच्या पेटीत आकडे नसतात. कोऱ्या चाव्या, दोन-तीन कानशी, एक छोटा हातोडा, कधी मेणबत्ती. कोरी चावी काजळीवर धरून आत घालतो, पीळ देतो, बाहेर काढून उन्हाकडे धरतो. जिथे आतला भाग घासला तिथे बारीक खूण उमटते. तिथेच कानस. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शेवटी उघडलेलं कुलूप तर मिळतंच, वर नवी किल्लीही. जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच कसब स्पर्धेत मांडलं जातं.

उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत पुतण्याने घडीतला एक आकडा ठेवून बाकीचा सेट मित्राला दिला. ट्रकच्या वायपरच्या दोन पट्ट्या आणि पितळी कुलूप माझ्याकडून नेलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ते सात लिव्हरचं कुलूप घेऊन आम्ही दोघं पाचकंदीलला गेलो. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कुलूप दोनदा कानाशी हलवलं आणि म्हणाले, किल्ली उद्या ये न्यायला, याच्या पोटात खानदेशची धूळ भरलीय, आधी रॉकेलने धुवावं लागेल.